मावशींनी न टाकलेल्या बशा

प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर मावशी नुसत्या ‘मदतनीस’ होत्या. खरं तर आम्ही शिकलेसवरलेले सगळे त्यांच्याच जिवावर उड्या मारायचो. अंधाऱ्या खोलीत कोंबडीचं अंडं दिव्यासमोर धरून आतला जीव ओळखायचा, हे त्यांचं काम. हालचाल दिसली नाही तरी त्या अंडं लगेच टाकत नसत. पेन्सिलीने फुली मारून परत उबेत ठेवायच्या. “दोन दिवस द्यावेत. उशिरा उठणारेही असतात,” म्हणायच्या, आणि मुद्दाम माझ्याकडे बघायच्या.

माझं संशोधन कोंबड्यांच्या एका हर्पीस विषाणूवर होतं. त्याच्या आवरणात खोचलेलं एक प्रथिन मी काढून टाकलं होतं. त्याच्याविना विषाणू वाढतो का, एवढंच बघायला तीन वर्षं गेली होती. बशीत त्या अंड्यांतल्या गर्भाच्या पेशींचा थर वाढवायचा, त्यात विषाणू सोडायचा. तो वाढला की थराला भोकं पडतात. साध्या विषाणूने चार दिवसांत थराची चाळण केली. माझ्या बशा मात्र कोऱ्या. मी जन्माची उतावळी. ‘वाढतच नाही’ असा निकाल लिहिला, शनिवारी बशा नष्ट करायला मावशींकडे दिल्या आणि सोमवारी माझ्या मार्गदर्शक सरांपुढे उभं राहायची तयारी केली.

सोमवारी मावशींनी मला दारातच अडवलं.

“ओरडू नका ताई. बशा टाकल्या नाहीत मी.”

“मावशी! नियम माहीत आहेत ना?”

“तोंडपाठ आहेत. उबेतच आहेत, कुलपात. आधी बघा, मग रागवा.”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थरात सुईच्या टोकाएवढी भोकं होती. विषाणू जिवंत होता, फक्त शेजारच्या पेशीत शिरायला त्याला फार वेळ लागत होता. ते प्रथिन त्याला जगायला नव्हे, पसरायला लागत होतं. आणि मी सरांना भलतंच सांगायला निघाले होते!

मी मावशींना मिठी मारायला धावले.

“अहो, हातमोजे काढा आधी!” त्या दोन पावलं मागे सरकल्या.

माझी तीन वर्षं त्या बाईने वाचवली. हे ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही. प्रबंध छापायला देण्याआधी मी तो पहिल्यांदा त्यांच्याच हातात ठेवला. आभारांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. थेट बशीच्या फोटोवर बोट ठेवलं.

“भोकं नऊच लिहिलीत? मी अकरा मोजली होती.”

मी भिंग आणलं. कडेला आणखी दोन होती.