लेन्सची खोली

माझा धाकटा भाऊ निसर्गाचे फोटो काढतो. धुकं, ढग, वादळ. छान ऊन पडलं की साहेबांचं तोंड वाकडं होतं आणि वादळाची बातमी आली की स्वारी लग्नाला निघाल्यासारखी नटते. आम्ही त्याला ढगोबा म्हणतो. गाढवाला तो मान वाटतो.

हवेची काळजी त्याला फार, पण कॅमेऱ्यापुरती. गारठ्यात बॅटरी उतरते म्हणून ती बनियनच्या आत, छातीशी. थंडीतून आल्यावर बॅग लगेच उघडायची नाही, काचेवर दव धरतं. तोवर आम्ही सगळ्यांनी हळू बोलायचं, जणू आत बाळ झोपलंय. एकदा तर बायको शेकायला घेते ती गरम पाण्याची पिशवी यानं लेन्सला बांधून डोंगरावर नेली. बायको घरी खोकत बसली.

त्याच्या घराला दोनच खोल्या. पुढची कोरडी, म्हणून ती लेन्सची. ओलीनं काचेला बुरशी लागते ना! तिथे हवा कोरडी करणारं यंत्र अखंड घुरघुरायचं आणि वर ओल दाखवणारा काटा. तो काटा ढगोबा सकाळ-संध्याकाळ देवासारखा बघायचा. मागच्या खोलीत गच्ची झिरपते, भिंत छतापर्यंत काळी झालेली. तिथे नवरा-बायको झोपतात.

डॉक्टर म्हणाले, "हिची छाती सांभाळायची असेल तर हिला कोरडी हवा हवी." ढगोबा म्हणाला, "पाऊस संपू दे. आत्ता लेन्स कुठे हलवू?"

माझं डोकं फिरलं. तो वादळ टिपायला गेल्याचं कळताच मी भावजयीला माझ्या घरी घेऊन यायला गेले. ती खाटेवर बसून धापा टाकत होती. म्हणाली, "मी कशाला जाऊ, ताई? ते यंत्र जरा एका बाजूनं धरा."

पुढच्या खोलीत लेन्सच्या कपाटांच्या गर्दीत तिची खाट मावली नसती. मग आम्ही दोघींनी यंत्र ओढत मागे आणलं. काटाही उशाशी ठेवला. ती आडवी झाली.

संध्याकाळी ढगोबा उगवला. स्वतः निथळत होता, कॅमेरा मात्र बायकोच्या रेनकोटात कोरडा ठणठणीत.

"यंत्र कुठंय? अगं, लेन्सना बुरशी लागेल!"

"लागू दे," ती म्हणाली. "माझ्या छातीला लागलेली चालली ना तुला?"

"ताई, तू तरी सांग हिला."

मी कशाला सांगते! तो तणतणत यंत्राकडे आला, सवयीनं वाकून काटा बघितला आणि जागच्या जागी थबकला.

"इथे एवढी ओल आहे?"

इतकी वर्षं हा त्या काळ्या भिंतीकडे तोंड करून झोपला. मला हसूही येईना, रडूही येईना. भावजयीनं पांघरूण ओढून घेतलं.

"जाताना दार लावून घे," ती म्हणाली. "ओल आत येते."