शिडाची झोळी

आधीच सांगून टाकतो: माझ्या थोरल्या भावाच्या होडीचं शीड मी कापलं. तेही झोळीसाठी, रविवारी दुपारी हवेत लोंबकळत झोपता यावं म्हणून.

मी तेव्हा वेंगुर्ल्याला एका कचेरीत कारकून होतो. आमच्या मासेमारीवर जगणाऱ्या घरातला पहिला पगारदार. त्यामुळे आराम कसा करावा हे घरच्यांना शिकवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सलूनमधल्या कॅलेंडरवर दोन झाडांना झोळी बांधून पहुडलेला माणूस पाहिला आणि मला घरामागची दोन सुरूची झाडं आठवली. प्रश्न फक्त कापडाचा होता.

पहिला प्रयोग बायकोच्या नायलॉनच्या साडीवर केला. गाठी टिकल्या, पण साडी ताणत गेली आणि मी अगदी सावकाश, इभ्रतीने, जमिनीला टेकलो. बायको आठवडाभर बोलली नाही. मग बारदान लावलं. नंतर दोन दिवस मी साहेबांसमोर खुर्चीला पाठ घासत होतो. तिसऱ्या खेपेला दादाचं जुनं जाळं बांधलं. उठलो तेव्हा पाठभर चौकटी उमटलेल्या आणि अंगाला बांगड्याचा वास. वहिनी मासे विकायला निघाली होती. पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "भावजी, चला, तुमकाय बाजारात बसयतंय. बरो दर येतलो!"

त्या हसण्यामुळे मी इरेला पेटलो. घरामागच्या मांगरात, जिथे जाळी-वल्ही ठेवायचो, आढ्याला शिडाची गुंडाळी टांगलेली होती. होडीला मशीन बसल्यापासून ती खाली उतरली नव्हती. जाड सुती कापड, वर्षानुवर्षं वारा पिऊन मऊ झालेलं, अंगाला न चावणारं. मी स्वतःची समजूत घातली, की शीड आता निवृत्त झालंय, आणि निवृत्तांना हलकं काम द्यायला हरकत नाही. दादा समुद्रावर असताना मधला तुकडा कापला, उरलेलं पूर्वीसारखं गुंडाळून पुन्हा टांगलं. दादाने हाताने घातलेली ठिगळं खालच्या बाजूला येतील अशी झोळी बांधली. एवढी अक्कल होती, म्हणजे आपण चोरी करतोय हेही कळत होतं.

संध्याकाळी दादाने झोळी चाचपून पाहिली. "कापड बरा आसा. खंयसून हाडलंस?"

"बाजारातून," मी म्हणालो.

खरं सांगतो, इतकी छान झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

पुढे एका रविवारी मी झोळीतच होतो. वहिनी धावत आली. "भावजी, सगळे होडये इले, तुमचे भाव इले नाय!"

मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेलो. आदल्या दिवसापासून मशीन खोकत होतं, म्हणून दादाने सकाळी शिडाची गुंडाळी होडीत टाकली होती, हे तिनेच सांगितलं. वर मलाच धीर दिला, "घाबरू नका. मशीन बंद पडला तरी शीड आसा. वारो पण बरो आसा."

वारा खरंच चांगला होता. थेट किनाऱ्याकडे वाहत होता. त्या वाऱ्यासमोर मी उभा होतो, आणि शिडाला भोक आहे हे त्या किनाऱ्यावर फक्त मला ठाऊक होतं. वहिनी देवाचं नाव घेत होती. मी तेही घेऊ शकलो नाही. कुठल्या तोंडाने घेणार?

सूर्य टेकता टेकता होडी दिसली. दादा आणि त्याचा जोडीदार वल्ही मारत येत होते. दादाच्या तळहातांची सालं निघाली होती. माझ्याकडे न बघता तो घरी गेला, शीड घरापुढच्या खळ्यात पसरलं, झाडांवरून झोळी सोडून आणली आणि भोकावर अंथरली.

"बरोबर बसता," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सुई-दोरा घेऊन बसला, पण फोडांमुळे त्याला सुई धरवेना. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. कचेरीत माफीचे मसुदे लिहून हात बसलेला. म्हणालो, "दादा, झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो."

"ता सायबाक सांग," तो म्हणाला. "हंय सुय धर."

मी धरली. जाड कापडातून सुई ओढताना माझ्या बोटांतून रक्त आलं, टाके वेडेवाकडे पडले. दादाने दोनदा उसवायला लावले. तिसऱ्यांदा शिवताना, मान वर न करता, मी म्हणालो, "दादा, माझा चुकला. शीड मी कापलंय, आणि वर तुका खोटा सांगलंय."