मी खाल्लेला ड्रायव्हर

आमच्या घरात पाहुणे जेवून जरा टेकले की मुलं मला डिवचतात, "बाबा, तुम्ही ड्रायव्हर खाल्लात ते सांगा ना." मी नको नको म्हणत पाय पसरून बसतो. हे सगळं घडलं एकसष्ट-बासष्टच्या सुमारास.

मी सांगलीचा. साताऱ्याला बस डेपोत कारकून होतो. लग्न होऊन पाच महिने झाले होते, पण बायको माण तालुक्यात एका आडगावी शिक्षिका. तिथली एकच गाडी, मुक्कामी. संध्याकाळी गावात जायची आणि पहाटे निघायची. शनिवारी शाळा अकराला सुटली तरी बाईंना रविवारच्या पहाटेपर्यंत गावातच बसायला लागायचं. ती रविवारी नऊला साताऱ्यात यायची, चारला परत. आमचा संसार तेवढाच. त्यातला एक तास मी चहा जास्त उकळण्यात घालवायचो.

तेवढ्यात साहेबांनी फर्मान काढलं, की आहे त्याच गाड्यांत माणकडं जास्त फेऱ्या बसवा. काम तिघांकडे आलं. एक मी. दुसरे एक वयस्क ड्रायव्हर, पलटणीतून आलेले. त्यांना सगळे मामा म्हणत. तिसरे सांगलीकडच्या शेतकरी जैन घरातले कंडक्टर, आमचे अण्णा. तिघांनी तीन वेळापत्रकं केली आणि तिन्ही एकमेकांशी भांडली. माझं सर्वांत सुबक होतं. मामांनी ते चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

"भाऊसाहेब, लय ग्वाड लिवलंय. पर ह्या कागदावर मेंढरं न्हाईत."

मामांनी मग पलटणीतली युक्ती काढली. विश्रांतीच्या खोलीत खडूनं सातारा ते माण सगळे रस्ते फरशीवर आखले. काड्यापेट्या झाल्या गाड्या. अण्णा तिकिटाचा चिमटा वाजवायचे. एक टक् म्हणजे पाच मिनिटं. प्रत्येक टक्‌ला आम्ही गुडघ्यावर रांगत पेट्या पुढं सरकवायचो. मेंढरं आडवी येण्याची जागा आली की मामा पेटीवर तळहात ठेवायचे. बाजाराच्या गावी टपावर भाजीच्या पाट्या चढायला किती वेळ लागतो ते अण्णा सांगायचे. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, मी खडूच्या पुसलेल्या रेघा गिरवायचो. पण ते दिवस फार मजेचे गेले. बाकीचे ड्रायव्हर दारात उभे राहून आपापल्या गावाची गाडी लवकर सोडायला सांगायचे.

दोन दिवसांत शनिवारची दुपारची फेरी बसली! माणमधल्याच दहिवडीत दुपारी रिकामी उभी राहणारी गाडी बायकोच्या गावाला जाऊन थेट साताऱ्याला. मी फरशीवरच मांडी ठोकली. मामा मात्र पेटीकडं बघत राहिले.

"गाडी पळतीया खरी. पर चालवतंय कोन? मी तर दहिवडीत भाकरी खातुया."

आम्ही गाड्या नाचवल्या होत्या, माणसं विसरलो होतो. मग प्रत्येक पेटीवर एक खारा शेंगदाणा म्हणजे ड्रायव्हर, एक फुटाणा म्हणजे कंडक्टर. पुन्हा पहिल्यापासून. दहिवडीला एक शेंगदाणा जेवून मोकळा सापडला आणि फेरी वाचली.

साहेब बघायला आले. खुर्ची नाकारून तेही उकिडवे बसले. टक्, टक्, सगळं झकास चाललं होतं. मी दहिवडीपाशी बसलेलो. शनिवारची पेटी निघायची वेळ आली.

साहेब म्हणाले, "हिच्यावर फुटाणा आहे. ड्रायव्हर कुठाय?"

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. मामा खाली वाकून बघायला लागले. साहेबांनी कागदावरच्या फेरीवर पेन्सिल टेकवली. ड्रायव्हर नसेल तर फेरी काढा, म्हणाले. माझ्या जिभेवर खारट चव होती. गप्प राहिलो असतो तर अब्रू राहिली असती आणि शनिवार गेला असता.

"साहेब, ड्रायव्हर आहे. मी खाल्ला."

साहेबांनी पेन्सिल उचलली. "आजवर किती खाल्लेत?"

अण्णांनी मान खाली घालून सांगितलं, "रोज एक-दोन कमी पडतात, साहेब. आम्हांला वाटलं उंदीर आहे."

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेंगदाणे नव्यानं मोजून मांडायला लावले, मला हात पाठीमागं बांधून भिंतीशी बसवलं आणि चिमटा स्वतःच्या हातात घेतला. मामांनी मेंढरांसाठी दोनदा हात ठेवला, तरी शनिवारची पेटी वेळेत साताऱ्याला लागली. साहेबांनी सही केली. जाताना दारात त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

पहिल्या शनिवारी मी स्टँडवर अर्धा तास आधीच हजर. गाडी आली, चालवायला मामा, ही पाळी त्यांनी मागून घेतली होती. बायको उतरली, तसे मामा खिडकीतून वाकले.

"सूनबाई, जपून ऱ्हावा. ह्या मानसानं माज्या जागंवरचा ड्रायवर खाल्लाय."

तिला काहीच कळेना. तिनं आपली पिशवी उघडली. शाळेतल्या मुलांच्या आयांनी भाजलेल्या शेंगा दिल्या होत्या, तिनं ओंजळभर माझ्यापुढं धरल्या. मामांनी वरूनच हात लांब केला आणि आधी स्वतःची मूठ भरून घेतली.