गार्डसाठी मुलगी

लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा मला उन्हाळ्यापेक्षा तिथल्या बोलण्याची जास्त धास्ती होती. माझं माहेर मिरजेजवळ, शाळा सातवीतच सुटलेली, नवरा रेल्वेत कारकून. आठवडा झाला नसेल, घरमालकीण काकू दारातून म्हणाल्या, "आम्ही उमरेडले जाऊन राहिलो वं, घराकडं पाहाजो." मला वाटलं, ही माणसं उमरेडला कायमची राहायलाच निघाली. ज्या एका घराचा आधार होता तेही चाललं म्हणून मी दिवसभर डोळे पुसत बसले. संध्याकाळी काकू शेतातली टोपलीभर वांगी घेऊन परत आल्या. इकडं 'जाऊन राहिलो' म्हणजे नुसतं 'जातोय'. झालेला प्रकार कळल्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारीणही विचारायला आली. पण त्याच दिवसापासून आमच्या दोन्ही घरांमधलं दार त्यांनी कधी लावून घेतलं नाही. मी आजारी पडले की त्यांच्याकडूनच ताट यायचं.

काकूंची मुलगी तेव्हा मॅट्रिकला होती. चणीनं बारकी, उंचीला माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि खेळायची बास्केटबॉल! शाळेमागच्या मैदानावरून घरी यायची ती गुडघ्यापर्यंत लाल मातीनं माखून, चेंडू आपटतच. काका ओरडायचे, "काहून वं, घराचा पाया हालवते काय?" पण तिचा खेळ बघून गावातल्या कॉलेजांचे सर स्कूटरवर बसून घरी यायला लागले. फी माफ करतो म्हणायचे. काकू त्यांना तर्री घालून पोहे द्यायच्या, काका पाणी द्यायचे, आणि शेवटी सगळ्यांना एकच उत्तर मिळायचं, "पाहून राहिलो जी आम्ही."

काका खरंच पाहत होते, पण कॉलेज नव्हे, स्थळ. एक वर्ध्याचं पाहिलं होतं, एक उमरेडचं.

एकदा माझ्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "वहिनी, मले कॉलेजात खेळायचं आहे. नाही तर पुढच्या वर्षी मी कोणाच्या तरी सयपाकघरात." मी स्वतःच कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी होते.

मग एके दिवशी ती वडिलांना सहज म्हणाली, "बाबा, रविवारी पुण्याच्या एक बाई येऊन राहिल्या. चांगल्या घरच्या दिसतात." एवढंच. काकांनी नवं धोतर काढलं. काकू मला म्हणाल्या, "तू बस वं आमच्यासंग. तुमच्या तिकडचं बोलणं तुले समजते."

बाई आल्या. इस्त्रीची साडी, केसांचा घट्ट अंबाडा, पाठ ताठ. मुलगी अजून मैदानावरच होती. पोह्यांची बशी हातात घेऊन बाईंनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. "आम्हाला गार्डसाठीच हवीय मुलगी."

"गार्डासाठी?" काकांचा चेहरा उजळला. माझ्याकडे झुकून म्हणाले, "सूनबाई, गार्ड म्हंजे तुह्या नवऱ्याच्या वर ना?" मी मान हलवली. माझ्याही डोळ्यांपुढे शिट्टी आणि हिरवं निशाणच आलं.

"आधीच सांगतो जी," काका म्हणाले, "पोरगी उंचीनं कमी आहे."

"गार्डला कुठे उंची लागते?"

काका पुन्हा माझ्या कानाशी. "पोरगाही बुटका दिसते. जोडा जमते."

"डावा हात कसा आहे तिचा?"

"दोन्ही हातानं पाणी भरते जी. कामाची आहे."

"छान. आणि कोर्टवर डोकं शांत असतं ना?"

"कोर्ट?" काका ताठ झाले. "आमच्या घरात अजून कोणी कोर्टाची पायरी नाही चढलं."

बाई किंचित गोंधळल्या, पण विदर्भातल्या माणसांचं बोलणंच असं असेल, असं समजून त्यांनी पुढे रेटलं. "तुम्हाला काहीही द्यावं लागणार नाही. राहणं, जेवण, कपडे, बूट, सगळं आमच्याकडे."

"काहीच नाही?" हुंडा न मागणारी माणसं काका पहिल्यांदाच बघत होते. "बूटही तुमचेच?"

"बूट तर आम्हीच देतो. लवकर झिजतात ना."

काका उठून उभे राहिले. "मंग काय पाहायचं राहिलं? दिली. आजपासून पोरगी तुमची." काकूंनी डबा आणून बाईंच्या हातावर साखर ठेवली. बाईंनी ती तोंडात टाकली आणि समाधानानं म्हणाल्या, "मग जूनपासून रोज पहाटे तिला पळायला लावते."

काकूंचा डबा हातातच राहिला. "सुनेले? पहाटं? कायले?"

"सून?" बाई म्हणाल्या. "अहो, मी कॉलेजातून आलेय!"

तेवढ्यात दारात चेंडू आपटल्याचा आवाज आला आणि लाल पायांनी मुलगी आत आली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मी त शब्द गार्डाले देल्ला," ते म्हणाले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "गार्ड मीच आहो."

पहिल्यांदा काकूंनाच हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या भिंतीकडे वळल्या. काका मात्र चिडले होते. "हे काही खरं नाही," ते म्हणाले.

"साखर खाल्ली त्यांनी," काकू भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या. "परत मागता काय आता?"

काका खाली बसले. मग एकदम माझ्याकडे वळले. आता आवाजात राग नव्हता. "सूनबाई, तू त्या मुलखातली. खरं सांग. इतक्या दूर पोरगी राहते काय वं?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. एवढ्या मोठ्या माणसानं मला, सातवी शिकलेलीला, विचारावं!

"रडेल की," मी म्हणाले. "मी अजून रडते. पण मला इथं काकू मिळाल्या. तिला तिकडं माझी आई आहे. पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी आमचं घर. सणासुदीला तिथं जाईल. आई तिला उपाशी ठेवायची नाही."

काकांनी डोकं खाजवलं. "तुह्या मायले आमचं बोलणं समजन काय?"

"मला समजलं तसं समजेल."

"म्हंजे दिवसभर रडून," काका म्हणाले आणि हसले. तो होकार आहे हे मुलीला सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं मला अशी मिठी मारली की माझ्या साडीला लाल मातीचे हात उमटले.

बास्केटबॉलमधल्या गार्डचं काम तिनं मला नंतर समजावलं. बघायचं एकीकडे, चेंडू द्यायचा दुसरीकडे. मी विचारलं, "मग वडिलांना 'चांगल्या घरच्या बाई' म्हणालीस, तेव्हा कुठं बघत होतीस?" तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

जूनमध्ये ती गेली. दिवाळीला पुण्याहून मिरजेला माझ्या आईकडे गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तर आई चुलीपाशी बसून कांदे लांबूनच टोपलीत फेकत होती. नेम चुकला की मला उचलायला सांगायची.

"हे काय गं आई?"

"मनगट सैल सोडायचं, असं तिनं शिकवलंय."

मी भीत भीत विचारलं, "रडली का गं ती इथं?"

"एकदा," आई म्हणाली. "आल्या रात्री. मग डोळे पुसून म्हणाली, आजी, जेवाले काय आहे?" आणि तिनं आणखी एक कांदा फेकला.