एकवीस आडव्या रेघा

प्रेमदास गवंडी भिंतीला ओळंबा दोनदा लावायचा. त्याचा मुलगा नागसेन संगणकाचं काम तसंच करायचा. समुद्रपूरच्या एका लहान रक्ततपासणी केंद्रासाठी त्यानं सी भाषेत प्रोग्राम लिहिला. पेशंटचं नाव टाइप केलं की त्या नावाची फाइल व्हायची, आकडे तीत साठायचे. नावात टिंबं, तिरप्या रेघा घालून कुणी भलत्या फोल्डरमध्ये शिरू नये, म्हणून इंग्रजी अक्षर आणि आकडा सोडून काहीही आलं की प्रोग्राम त्या जागी आडवी रेघ टाकायचा. नाव नाकारायचा नाही. आल्या माणसाला खिडकीवरून परत पाठवणं नागसेनला पटत नसे.

सोमवारी तपासनीस हर्षानं पहिल्यांदाच नावं मराठीत टाइप केली. बायांना आपला कागद वाचता यावा म्हणून.

दुपारी तिचा फोन आला. "नागसेनदादा, मीराबाई अन् मंदाबाईचे कागद सारखेच निघाले. हिमोग्लोबिन दोघींचं बारा."

"मग चांगलंच हाये ना."

"चांगलं काय? मीराबाईचं मशीनवर म्या चार पाह्यलं. बाई कागद घेऊन गेली बी. कापूस वेचाले."

नागसेन धावत केंद्रात आला. दोघींची मिळून एकच फाइल होती. नाव म्हणजे नुसत्या एकवीस आडव्या रेघा. मराठीचं एकेक चिन्ह संगणकात तीन बाइटांचं, दोन्ही नावांत सात-सात चिन्हं. मागून आलेल्या मंदाबाईचे आकडे मीराबाईच्या आकड्यांवर लिहिले गेले होते. कागद काढताना जे नाव टाकलं, तेच मात्र कागदावर छापलं जायचं.

"आधीची फाइल असली तं तुमचा प्रोग्राम थांबत नाई?"

"नाई. ते म्या लिहिलंच नाई."

तो मीराबाईच्या शेताकडे निघाला. गाडीला किक बसेना.

मीराबाई शेताच्या धुऱ्यावर बसली होती, ओटीत मूठभर कापूस.

"काऊन आला बापा?"

"मावशी, कागद खोटा हाये. माह्या प्रोग्रामनं खोटा केला."

"अन् हा दम लागते तो?"

"तो खरा हाये."

सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त पुन्हा तपासलं. चारच. रक्ताची पिशवी लागली. नागसेन बाहेर बाकावर बसून लिहीत होता: फाइलीला नाव प्रोग्रामनंच द्यायचं, अनुक्रमांकाचं, त्या नावाची फाइल आधी असेल तर लिहायचंच नाही. चार ओळींचं काम. 'आधी असेल तर' ही ओळ त्याला तीनदा लिहावी लागली.