गच्चीवरचा मुळा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दिगंबर मराठ्यांनी कोथरूडच्या आपल्या सोसायटीच्या गच्चीवर कोथिंबीर, पुदिना, मुळा लावला. शेजाऱ्यांना वाटताना ते अभिमानाने सांगत, "फवारणी नाही काही. न धुता खाल्लंत तरी चालेल."

खालच्या मजल्यावरच्या अपूर्वाची मुलगी कादंबरी कोवळा मुळा उपटून तिथेच खाई. पुढे तिचं पोट सारखं दुखू लागलं, पोर वाळली. तपासणीत जंतांची अंडी निघाली. कच्च्या भाजीतून गेली असतील, असं डॉक्टर म्हणाले.

"काका, झाडांना पाणी कुठलं घालता?" अपूर्वाने विचारलं.

"नळाचं," दिगंबर म्हणाले.

खरं तर ते पाणी सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातलं होतं, फ्लशसाठी गच्चीवरच्या टाकीत चढवलेलं. प्रकल्प नीट चालत नाही, हेही त्यांच्या कानावर आलं होतं.

मग संशय सुंदराबाईंवर गेला. त्या फाटकापाशी भाजी घेऊन बसत. नाल्याच्या पाण्यावरची भाजी आणतात, असं कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं आणि गिऱ्हाईक तुटलं. काही दिवसांनी त्यांनी तिथे बसणंच सोडलं. दिगंबरांनी तेही पाहिलं. पण बायकोलाही सांगवेना.

शेवटी ते अपूर्वाच्या दारात गेले. "मी खोटं बोललो," म्हणाले आणि पाण्याचं सगळं सांगितलं.

अपूर्वा म्हणाली, "विचारलं तेव्हाच सांगायचंत, काका." आतून कादंबरी आली आणि मुळा आणलाय का, म्हणून त्यांच्या हाताकडे बघू लागली. त्यांना तिथे उभं राहवेना.

त्यांनी सगळी रोपं उपटली, ग्रुपवर कबुली दिली. सोसायटीतल्याच श्रीधर जोशांचं उत्तर आलं, "प्रामाणिकपणाबद्दल आभार. जंतांबद्दलही." ते वाचून दिगंबर आठवडाभर जिन्यानेच येत-जात राहिले, लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको.

औषधाने कादंबरी सावरली. सुंदराबाई मात्र फाटकाशी परतल्या नाहीत. शोधत शोधत दिगंबर कर्वेनगरला गेले, तेव्हा त्या रस्त्याकडेला मेथी निवडत होत्या.

"माझ्यामुळे तुमच्यावर आळ आला. मला माहीत होतं, तरी गप्प बसलो."

सुंदराबाईंनी मान वर केली नाही. "तवा बोलला असता तर जागा ऱ्हायली असती माझी," त्या म्हणाल्या. "आता सरका जरा. गिऱ्हाईक हुबं हाय."

दिगंबर बाजूला झाले.