अपेक्षित वेळ

त्या कागदाचा मला अजून राग येतो. सायक्लोस्टाईल केलेला अर्धा ताव, शाई थोडी पसरलेली. वर नाव, वर्ग, गाव. त्याखाली ‘अपेक्षित वेळ’. आणि तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ असं छापून सहीला जागा.

एकाहत्तर साली मी प्रि-डिग्रीला होतो. कॉलेज प्रवरेच्या बाजूला, मी दुष्काळी पाथर्डीकडचा. आमच्या घरात फॉर्म भरणारा मी पहिला. फीच्या सवलतीसाठी दाखला काढताना तलाठ्याने मला बजावलं होतं, की खाली सही केलीस म्हणजे वरचं सगळं खरं असलं पाहिजे. ते मी मनात धरून बसलो होतो.

त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी जिमखान्याच्या सरांनी एक नवी शर्यत काढली. पाटाला पाणी सुटलं की एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत पोहायचं, साधारण पाचशे मीटर. तिथून सायकलने फाट्यापर्यंत जाऊन परत, अठरा किलोमीटर. मग मैदानाला फेऱ्या मारत पाच किलोमीटर पळायचं. तिन्ही एका दमात. आधी कुणी असलं काही केलेलं नव्हतं, म्हणून किती वेळ लागेल तेही कुणाला माहीत नव्हतं. फॉर्म दिवाळीच्या सुटीआधी वाटले गेले.

माझी सुटी त्या एका रकान्यात गेली. पोहता येत होतं, पण विहिरीत. विहिरीत उडी असते, बुडी असते, अंतर नसतं. मी मोटेचा जुना नाडा आतल्या कडेनं फिरवला आणि हाताने मोजला. वीस मीटर भरला. म्हणजे पंचवीस फेऱ्या. थोरल्या बहिणीचे यजमान दिवाळीला आले होते, गावात घड्याळ त्यांच्याच हाताला. त्यांना काठावर बसवलं.

“दाजी, येळ बगा.”

“बगतो की. पर किती गरगर फिरशील? घाण्याला जुपल्यावानी दिसतुया.”

“किती झाल्या?”

“मी येळ बगू का फेऱ्या मोजू?”

पंधरा मिनिटं लागली. सायकल दाजींचीच घेतली, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो-आलो, बरोबर तास. नुसतं पळालो तर पाच किलोमीटरला सव्वीस मिनिटं. पण एक दिवस सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायला लागलो, तर पाय दुसऱ्याचेच असल्यासारखे झाले. गुडघे वळेनात. त्या दिवशी तेहतीस लागली. मी तेहतीसच धरली. कपडे बदलायला दोन मिनिटं. बेरीज एक तास पन्नास मिनिटं. मी तेवढंच लिहिलं आणि सही केली. पहिला नंबर येणार नाही हे मला कळत होतं. माझा हिशेब बरोबर निघतो का, एवढंच मला बघायचं होतं.

सुटीनंतर सरांनी तो फॉर्म सगळ्यांसमोर उचलून धरला.

“एक तास पन्नास. काय रे, फिरायला निघालास का?”

“सर, मोजून काढलंय.”

“कुठं मोजलंस?”

“विहिरीत.”

“पाथर्डीच्या विहिरीत? मग पोहलास कशाला, चालतच गेला असशील.”

पोरं हसली. सरांनाही स्वतःचं बोलणं आवडलेलं दिसलं. मग समजावण्याच्या सुरात म्हणाले, “अरे, अपेक्षित म्हणजे तुला काय वाटतं ते नव्हे. आमची तुझ्याकडून काय अपेक्षा आहे, ते. दीड तासाच्या वर मी कुणाला घेणार नाही. पाहुणे येणार आहेत. बदल, नाहीतर राहू दे.”

तेव्हा मला बोलता येत नसे. घशाशी शब्द यायचे आणि सरांच्या शर्टाची इस्त्री बघून परत जायचे.

खोलीवरचा माझा जोडीदार अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. तो सायकलवर बसला होता तो फक्त तंबूतला सिनेमा बघायला जाताना. त्याने एक तास दहा मिनिटं लिहिली होती.

“लिव की गड्या,” तो म्हणाला. “तुज्या लिवन्यानं काय घड्याळ बिघडतंय व्हय?”

“खाली सही हाय.”

“सही तर मीबी केलीया. मला कोन धराया आलं?”

मी पन्नास खोडलं. पंचवीस केलं. खोडलेल्या जागी पुन्हा सही केली.

शर्यतीला सहाजण होतो. पाटाचं पाणी विहिरीपेक्षा गार होतं, पण ढकलत होतं. माझा जोडीदार पायात गोळा येऊन निम्म्यातच काठाला लागला आणि तिथूनच मला शिव्या देत राहिला, हळू जातोय म्हणून. सायकल भाड्याची, परतताना वारा तोंडावर. सारखं वाटत होतं की सुटीत मोजलं तसंच चाललंय सगळं. मैदानावर पाय पुन्हा तसेच परक्यासारखे झाले, तेव्हा तर मला बरंच वाटलं. हेही मी धरलेलं होतं.

सात फेऱ्या झाल्या होत्या. साडेपाच राहिल्या होत्या. पुढचे चौघे संपवून केव्हाच बसले होते. तेवढ्यात रेघेजवळचं सरांचं वेळ नोंदवायचं टेबल उचललेलं दिसलं. दोघे ते संमेलनाच्या मांडवाकडे घेऊन चालले होते, मागून सर, हातात वही आणि घड्याळ. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कागदाप्रमाणे दीड तासानंतर मैदानावर कुणी असणारच नव्हतं ना. मी थांबलो नाही. राग एवढा आला होता की उरलेल्या फेऱ्या बहुधा मी धरल्यापेक्षा जोरात मारल्या, आणि त्याचाही मला राग आला, कारण हिशेब त्याने बिघडणार होता.

चुन्याच्या रेघेवर शिपाईमामा निशाणं गुंडाळत होते.

“मामा, किती वाजले?”

“घड्याळ सरांकडं हाय बाबा. पानी पी आदी.”

मांडवात भोंगा सुरू झाला होता. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर निकाल लागला. पाटात थांबलेल्या माझ्या जोडीदारापुढे ‘अपूर्ण’. माझ्यापुढेही ‘अपूर्ण’. मी सरांच्या खोलीत गेलो.

“सर, मी पूर्ण केली.”

“केली असशील. मी कुठं नाही म्हणतो?” त्यांनी माझा फॉर्म काढून पुढे सरकवला. “हे अक्षर तुझंच ना? पंचवीस. मग तू वेळेत यायला हवं होतंस. मी किती थांबायचं?”

अक्षर माझंच होतं. सहीही माझीच, एकाऐवजी दोनदा. खरा संताप त्या क्षणी आला आणि तो सरांवर किती आणि माझ्यावर किती, हे आजही सांगता येणार नाही.

मी फॉर्मकडेच बघतोय हे पाहून ते जरा विरघळले. पेन उघडलं. “बरं, तोंड पाडू नकोस. दीड तास लिहितो. प्रमाणपत्र मिळेल. झालं?”

“नको सर.”

“मग काय लिहू? एक पन्नास? बघितलंय कुणी?”

“नाही.”

“मग?”

“लिहा सर, ‘तो पळत होता तेव्हा घड्याळ निघून गेलं होतं.’”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेनाला टोपण लावलं. मी फॉर्म तिथेच ठेवून बाहेर आलो. मला किती वेळ लागला, ते मला आजही माहीत नाही.